हॉकीचा हात

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गोल्फमध्ये माझा पहिला लांब फटका आज ज्या हाताने सरळ जातो, तो हात, म्हणजे काठीची ती पकड, माझी नाही. मित्राची आहे. त्याचा हात मी घेतला आणि माझा बिघडलेला त्याला दिला.

आम्ही एकाच कारखान्यात, एकाच सेक्शनला. रविवारी सकाळी छावणीच्या मैदानावर गोल्फ खेळायचो. तिथे सगळी हिंदी. आम्ही दोघंच चालता चालता मराठीत बोलायचो. माझी मुलं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. आठवड्याभराचं बोलणं मी त्याच्याजवळ काढायचो. त्याची बायको गेल्यावर त्याला रविवारशिवाय काही उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

तरुणपणी तो कारखान्याकडून हॉकी खेळलेला. ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या लांब फटक्याची काठी, तो हॉकी स्टिकसारखीच धरायचा. डावा हात उजवीकडे वळवलेला, वरून बोटांची हाडं दिसतील असा. उजवा तळवा खालून टेकू दिल्यासारखा. दिसायला ओबडधोबड. पण आधी कंबर वळायची, हात मागून सैल यायचे, आणि बॉल जरासा उजवीकडून निघून मधोमध येऊन पडायचा. माझा अंगठा मात्र दांड्यावर अगदी सरळ, आणि बॉल दर वेळी उजवीकडच्या झाडांत.

लोक त्यालाच चिडवायचे. "भैया, पेनल्टी कॉर्नर ले रहे हो क्या?"

"गोल तो हो रहा है ना," तो म्हणायचा.

एका हिवाळ्यात मी गच्चीवर, कोणी नसताना, त्याच्यासारखा हात धरून पाहिला. मग मधल्या वारी एकटाच मैदानावर गेलो. बॉल सरळ गेला. पुन्हा मारला, पुन्हा सरळ. त्याला हे मी सांगितलं नाही.

तेव्हाच कारखान्याच्या गोल्फ टीममध्ये एक जागा रिकामी झाली. आम्हा दोघांपैकी एक जाणार होता. त्या रविवारी त्याने मला बाजूला घेतलं.

"खरं सांग भाऊ, लोक हसून राहिले. हात बदलू का? तू तर वाचत असतोस हे सगळं."

"बदल," मी म्हणालो. "हॉकीचा हात काढून टाक. अंगठा सरळ ठेव."

आणि मीच त्याची बोटं उचलून दांड्यावर बसवली. काहून, असं त्याने विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय.

त्याचा बॉल झाडांत जाऊ लागला. तो आणखी घट्ट धरायचा, जोर लावायचा, खांदे वर चढायचे.

"काहून रे, उजवीकडेच जाऊन राहिला?"

"सवय होईल."

माझा हात मी दर रविवारी थोडा थोडा वळवत नेला. त्याच्या लक्षात आलं नाही. तो स्वतःच्याच हातांकडे पाहत असायचा. जागा मला मिळाली. पुढे त्याने येणं कमी केलं, मग सोडलंच.

आता मी एकटा खेळतो. सोबत माणसं असतात, तरी एकटाच. फटका चांगला बसला की कोणी म्हणतं, "क्या हाथ है, सर." मी बॉलच्या दिशेने चालू लागतो. दिवसभरात मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नाही.

परवा ओमतीच्या बाजारात तो भेटला. हातात औषधांची पिशवी, दाढी वाढलेली.

"खेळून राहिला का अजून?"

"हो, थोडंफार."

"माझा तर खांदाच गेला ना. नाहीतर आलो असतो."

"वय झालं आपलं," मी म्हणालो. तो घमापूरकडे जाणाऱ्या ऑटोत बसून निघून गेला.

त्याचा खेळ सुटला तो खांद्यामुळे नाही. त्याची पकड बरोबर होती, मला ते माहीत होतं, आणि आज मी तीच वापरतो. हे त्याच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.