टोपलीखालचा दिवा

सारंगखेड्याहून विमलमावशीचा फोन आला तेव्हा मी शहाद्याला कॉलेजात होते. "तुन्ही फुई गयी, बेटा. मशीनवर बसेल व्हती..." एवढंच ती बोलली. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती आणि विमलमावशी माझ्या जन्माआधीपासून सारंगखेड्यात एका खोलीत राहायच्या, यात्रेतल्या घोड्यांसाठी झुली शिवायच्या. लोक त्यांना मैत्रिणी म्हणत. मला मात्र फुई म्हणाली होती, "मैतरीन नही, संसार शे आम्हना." घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून बाहेरच्या जगाचं काही असलं की ती मला विचारायची. दोन बायकांच्या लग्नाचं कोर्टाने काय केलं, हेही एकदा विचारलं. मी चाचरत सांगितलं, की मान्यता दिली नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा म्हणाले. दाताने दोरा तोडत ती हसली. "म्हणजे कोर्ट बी तुन्हा बापसारखंच. माले इचारू नको, मोठासले इचार." त्याच सुमारास कीर्तनात महाराजांनी असल्या जोड्यांना कलियुगाचं लक्षण म्हटलं. विमलमावशी उठून घरी आली. फुई शेवटपर्यंत बसली, आरतीही घेतली. "बोलना ते महाराज बोलना. देवनं काय बिघाडं?"

फुई गेली त्या दिवशी वडिलांनी तिचा देह ब्राह्मणपुरीला, आमच्या घरी आणला. आमच्याकडे माणूस गेलं की जमिनीवर पीठ पसरतात, मध्ये दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावरची खूण बघून जीव कोणत्या जन्माला गेला ते ओळखतात. विमलमावशीने ओट्याखालूनच विचारलं, "दिवा मी लावू का?" वडील म्हणाले, "रक्तना माणूस लागस, विमलबाई." ती शेवटच्या गाडीने परत गेली.

सकाळी टोपली उचलली. पीठ हाताने सारखं केलं होतं तसंच होतं. साधी मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. दिव्यात काठोकाठ तेल, आणि वात... वात काळीच झाली नव्हती, जणू कुणी पेटवलीच नव्हती. ती पेटताना तर आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. "ती अठे उनीच नही," कुणीतरी कुजबुजलं, म्हणजे फुईचा जीव इथे आलाच नव्हता. विधीला आलेल्या गुरुजींनी वडिलांकडे बघितलं. "शास्त्रमा दोन बायासनं लगन माले सापडनं नही. पन ज्या घरमा जीव गया, दिवा तठेच लागस, हाई शे. तुम्ही अठे काबर लावा?"

 तीच टोपली घेऊन वडील मोटारसायकलवर बसले, मी मागे. सारंगखेड्याला दारात उभे राहून म्हणाले, "विमलबाई, दिवा तुम्ही लावा." मशीनजवळच्या फरशीवर तिने पीठ पसरलं. पण दुसऱ्या दिवशी टोपली उचलू देईना. "खूण देखी म्हणजे ती गयी. माले नही देखनी." हे कळल्यावर गुरुजी म्हणाले, जीव असा अडकवून ठेवू नये. तिने ऐकलं नाही.

आता काही आठवडे झाले. टोपली तिथेच आहे. मावशी रोज मान फिरवून, टोपलीची एक कड उचलून चाचपडत तेल घालते. दुपारीसुद्धा वेताच्या फटींतून उजेड हलताना दिसतो, दारं लावलेली असली तरी. मागच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा तेलाची वाटी वडिलांनी तिच्या हातातून घेतली आणि कड उचलली. त्यांनी मान फिरवली नाही, हे मी पाहिलं. तेल घालायचं राहूनच गेलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते, मग हलकेच कड खाली ठेवली आणि बाहेर पडले.

परतले तेव्हा हातात दुखवट्याचं लुगडं होतं. ज्या बाईचा जोडीदार गेला तिला घरच्या माणसांनी द्यायचं असतं, ते. त्यांनी ते मावशीच्या ओटीत ठेवलं. तिने विचारलं, "काय दिसनं, दादा?" वडिलांनी सांगणार नाही अशी मान हलवली. टोपलीकडे न बघता म्हणाले, "टोपली राहू द्या. तेल मीच घालसू, दर रविवारे."