बरोबर गुरुजी

उदगीरात लिंबाजी गुरुजींना लोक मागं ‘बरोबर गुरुजी’ म्हणायचे. पोरानं पेटीवर काहीही बडवलं तरी हे मान डोलवून म्हणणार, “हाव, अगदी बरोबर!” आयांना वाटायचं, किती गोड स्वभाव हाय मास्तरचा. स्वभाव कसला डोंबलाचा! म्हाताऱ्याला ऐकूच येईना झालं होतं.

हेच लिंबाजी जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे तेव्हा कोरसमधल्या एकाचा सूर जरा उतरला तरी भर स्टेजवर डोळे वटारायचे. तो कान हळूहळू गेला. आधी वरच्या पट्टीतले सूर गेले, मग फोनवरचा लेकाचा आवाज. बायको कोंडाबाई वारल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. सून प्रियदर्शनी शाळेत शिकवायला जायची ती थेट दिवेलागणीला यायची. दिवसाकाठी एकच वेळ बरी, संध्याकाळची, ओसरीवर सतरंजी अंथरली की पाच-सहा लेकरं येऊन बसायची तेवढीच. बहिऱ्या मास्तराकडं कोण लेकरू धाडंल? हे फुटलं तर सतरंजी गुंडाळायची आणि आपण भिंतीकडं बघत बसायचं. या भीतीनं गुरुजींना घास गोड लागत नव्हता.

त्यात सुनेनं टॅब आणला. लेकरांना सूर वाचायला शिकवणारं ॲप होतं त्यात. वरून ‘सा’, ‘रे’, ‘ग’ लिहिलेले रंगीत फुगे खाली यायचे. लेकरानं अक्षर वाचायचं आणि काचेवरच्या पेटीची तीच पट्टी दाबायची. बरोबर आलं तर पडदा हिरवा, चुकलं तर लाल.

“काचंला काय भाता असतो का गं?” गुरुजी आधी करवादले. “हवा न्हाई, जीव न्हाई. हे काय वाजिवणं हाय?”

पण तो हिरवा रंग दिसला मात्र, म्हातारा त्याला चिकटला. आता कानाची गरजच काय! लाल झालं की कित्येक वर्षांनी ते ठसक्यात म्हणू लागले, “चूक! परत घे.” आयांना वाटलं, मास्तर पुन्हा पहिल्यासारखे झाले. गुरुजींनाही तसंच वाटलं, बिचाऱ्यांना.

सगळ्यात हुशार पुनम. सहा वर्षांची पोर, पण पडदा कधी लाल होऊ द्यायची नाही. तिला आणायची तिची आजी बसम्मा, घरात कानडी बोलणारी, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसावीत. गुरुजींना ती फार आवडायची. सगळ्या गावात तिचं तेवढं बोलणं त्यांना ऐकू यायचं.

त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. ऐन क्लासात टॅब बंद पडला. पुनमनं भोकाड पसरलं.

“रडू नको माय,” गुरुजी म्हणाले. “आज खऱ्या पेटीवर बस. तुला येतंय सगळं.”

पोर पेटीला पहिल्यांदाच शिवत होती. तिनं डोळे पुसले, पट्ट्या न्याहाळल्या आणि काचेवर ठेवायची तशी बोटं ठेवली. सा, रे, ग, म. गुरुजी बोटांकडं बघत होते. एक बोट चुकलं नाही. वरचा सा गाठून पोर त्याच वाटेनं खाली आली. गुरुजींचे डोळे भरून आले.

“वा गं माझी वाघीण! काय सूर लागलाय! कान तृप्त केलेस!”

कुणी टाळी वाजवली नाही. लेकरं गुरुजींच्या तोंडाकडं बघत होती. पुनम गोंधळून पेटीखाली वाकून बघत होती. मग गुरुजींची नजर पेटीच्या मागं गेली. भात्याची कडीसुद्धा निघालेली नव्हती. काचेवर शिकलेल्या पोरीला भाता ठाऊकच नव्हता, आणि बंद पेटीतून सूर निघत नसतो.

गुरुजींचा हात कडीकडं गेला आणि तिथंच थांबला. आता काढून काय उपयोग होता?

बसम्मा उंबऱ्यातून उठून जवळ आली. लेकरांसमोर म्हाताऱ्याची शोभा नको म्हणून तिनं जन्मात पहिल्यांदा आवाज खाली घेतला. अगदी हळू विचारलं, “गुरुजी, तुमाला ऐकू येत न्हाई का हो?”

गुरुजींना तिचे ओठ हललेले दिसले. त्यांनी घाईघाईनं मान डोलवली.

“हाव,” ते म्हणाले, “अगदी बरोबर!”