शकूच्या तोंडचा पहिला शब्द

"मावशे, शकूक गावाक धाडतत. सासूकडे," पोरीला माझ्या हातात देत सुलोचना म्हणाली. "ह्येंचा म्हणणा, मुक्या पोराचा हंय काय करूचा?" एवढं बोलून ती खात्यात पळाली. उशीर झाला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, परत पाठवायचा.

परळच्या एका गिरणीच्या पाळणाघरात मी आया होते. कामावर येणाऱ्या बायका मुलं आमच्याकडे ठेवून जायच्या. सुलोचना सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिचा नवरा दत्ताराम साच्यावर, म्हणजे मागावर. शकूला तिसरं सरत आलं होतं आणि तोंडातून शब्द नव्हता. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. साऱ्या लालबागला कंठ फुटला होता, एका या पोरीला फुटत नव्हता.

आमच्या सिस्टरनी तिला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान चांगले, जीभ चांगली. घरी तिच्याशी बोलतं कोण?

सुलोचनाला राग आला. "आमी काय मुके?"

रविवारी मी त्यांच्या खोलीवर जेवायला गेले. दत्तारामने भुवई उडवली, सुलोचनाने भाकरी वाढली. त्याने दोन बोटं हलवली, आमटी आली. शकूने मूठ तोंडाकडे नेली, तिला भात मिळाला. कोणी अवाक्षर काढलं नाही. भांडण नव्हतं. खात्यात यंत्रांचा आवाज एवढा की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतले लोक हाताने आणि भुवयांनी बोलतात. या दोघांनी ते घरी आणलं होतं आणि त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"घरात साचे लावलेत काय रे, दत्ताराम?"

"का?"

"मग भाकरी तोंडाने माग की."

तो हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पण मावशी, एवढ्याशा पोरीशी बोलायचं काय?"

"पेपर वाचतोस ना? मोठ्याने वाच."

वाचायला लागला बिचारा. सभा, लाठीमार, अटका, सगळं पोरीला मांडीवर घेऊन. सुलोचना भाकऱ्या थापता थापता बोलायची, आधी लाजत, मग सवयीने. मी दूध ओतताना, दुपटी धुताना तोंड चालू ठेवलं. दत्तारामने गावच्या बोटीची तिकिटं काढणं पुढे ढकललं. शेवटी म्हणाला, "गणपतीला जाऊ तेव्हा सोडून येतो." श्रावण लागला. शकू गप्पच.

पाळणाघरात रोज मुलांना चमचाभर माशाचं तेल पाजायचं, हाडं बळकट व्हावीत म्हणून. शकू तोंड मिटायची, मी नाक धरून पाजायची. एका सकाळी मी चमचा पुढे केला आणि ती म्हणाली, "नको."

मी तेल बाटलीत परत ओतलं.

"मावशी, तिचं तेल राहिलं," सिस्टर म्हणाल्या.

"नको म्हणाली."

"सगळीच नको म्हणतात."

"ही आज पहिल्यांदा म्हणाली. आता नाक धरलं तर पुन्हा कशाला बोलेल?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, शकूकडे पाहिलं. "आजच्यापुरतं," म्हणाल्या, आणि सुलोचनाला बोलवायला स्वतः गेल्या.

सुलोचना केसांत कापूस घेऊन धावत आली. लेकीपुढे बसली. शकू गप्प.

"मावशे, खोटा सांगतंस तू."

मी पुन्हा चमचा भरला. शकूने तो हाताने लोटला. "नको."

सुलोचना पदराने तिचं तोंड पुसत राहिली. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

संध्याकाळी दत्तारामने साचेखात्यात पेढे वाटले. काय बोलली म्हणून लोक विचारत. "नको म्हणाली," तो सांगे. पोरगी नको म्हणाली म्हणून पेढे वाटणारा दुसरा बाप मी पाहिला नाही. गणपतीला शकू गावी गेली आणि आईबापांबरोबर परत आली.

पुढे कितीतरी दिवस तिच्याजवळ तो एकच शब्द होता. आंघोळ नको, भात नको, झोप नको. सुलोचना वैतागली. मी तिला म्हटलं, मूल बोलावं म्हणून सगळे नवस करतात. ते आपल्या सोयीचं बोलेल, असं कुठल्याही देवाने कबूल केलेलं नाही.