वर धोंडा हाय का?

वाऱ्याला आमच्या देगलूरच्या चाचांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. माझ्या वडिलांचे हे जुने दोस्त, धंदा घरांवर पत्रे बसवण्याचा. सत्तरी ओलांडली तरी सरसर शिडी चढायचे, पण ढग दिसला की चेहरा उतरायचा. कुणी नमस्कार केला तर यांची नजर त्याच्या तोंडाकडे नाही, छपराकडे. चहाला बोलावलं तर उंबऱ्यातूनच विचारणार, "वर धोंडा हाय का?" असला तर कपबशी घेऊन अंगणात. आमच्याकडे पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची रीत जुनी, त्यामुळे चाचांचा बहुतेक चहा उन्हातच व्हायचा. पुतणीसाठी आलेलं सोन्यासारखं स्थळ त्यांनी "पोरगा चांगला हाय, छत न्हाई," म्हणून अडवून धरलं. मुलाच्या बापाने धोंडे उतरवून पत्रे लोखंडी हुकांनी आवळून घेतले, तेव्हा कुठे अक्षता पडल्या.

एका लग्नात तेलंगणाच्या बाजूने आभाळ काळं झालं, तर या गृहस्थांनी जेवती पंगत उठवून माणसं शेजारच्या पक्क्या शाळेत कोंबली. वारा काही आला नाही. नवरदेवाचा मामा वर्षभर शिव्या घालत होता. चाचा म्हणाले, "शुकर करा. शिव्या द्यायला जित्ते हाय ना तुमी?"

हे वेड कुठून लागलं, ते माझ्याजवळ एकदाच बोलले. "भैनीचं छत मीच घातलं, मास्तर. हुक कमी पडले. म्हन्लं, आज धोंडे ठिवतो, उद्या येतो. उद्या दुसऱ्या कामावर गेलो, परवा पन. मग वारा आला. पत्रा गेला शेतात, धोंडा पडला तिच्यावर. मीच ठिवला व्हता. ह्या हातानं." मग गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

आमच्या देगलूरच्या घरावरही अकरा धोंडे होते, वडिलांनी ठेवलेले. ते गेल्यापासून खाली आई एकटी झोपायची. "त्यायनी ठिवलेत, ऱ्हाऊ द्या भाई," म्हणून ती चाचांना परत पाठवायची. मी लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. वारा छप्पर कसं उचलतो ते फळ्यावर आकृती काढून समजावतो, आणि माझी आई धोंड्यांखाली! चैत्रात तिला एकदाची राजी केली. चाचा म्हणाले, "तू रविवारी ये, शिडी धर." मी दोन रविवार जादा तासांपायी घालवले. तिसऱ्या वेळी फोनवर म्हणाले, "उद्या-परवा करू नको, बेटा." मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या रविवारीही मी गेलो नाही. चाचा एकटेच चढले. अकराही धोंडे उतरवले, हुक मारले, आणि उतरताना शिडी सरकली. नांदेडच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो, तर मला म्हणतात, "शेवटचा हुक आवळला का मी? ध्यानात येईना." मी बघून येतो म्हणालो. देगलूरला येऊन त्यांचाच पाना घेऊन वर चढलो. हुक इतका घट्ट होता की मला तसूभर हलवता आला नाही. तेच सांगायला परत धावलो, तर चाचा गेले होते.

वैशाखात वादळ आलं. गल्लीतले तीन पत्रे उडाले. आमचे नुसते थरथरले. आई रात्रभर वर बघत बसली होती म्हणे.

ते अकरा धोंडे अजून अंगणात भिंतीला लागून पडले आहेत. मागच्या खेपेला आईने चहा केला आणि सवयीने एक कप जास्तीचा भरला. तो हातात धरून ती उंबऱ्यात थांबली. वर पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता भाईला आत बसता आलं असतं रे."