भावाच्या नावानं आलेला मेसेज

भूकंप झाला तेव्हा माझा धाकटा भाऊ लातूरकडं मावशीच्या गावी गेला होता. मावशी ढिगाऱ्याखाली सापडली. तो सापडलाच नाही. देगलूरला आम्ही वाट बघत राहिलो. त्याचं दिवसकार्यही आईनं करू दिलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मुलीच्या क्लाससाठी मी लातुरात खोली घेऊन राहिले. ती क्लासला गेली की घर खायला उठायचं. फोनवर भूकंपात गेलेल्यांच्या आठवणींचा एक ग्रुप सापडला. तिथं मी भावाबद्दल भरभरून लिहिलं: हापशाचा दांडा लागून हनुवटीवर पडलेला व्रण, मला अक्का म्हणायचा ते, सगळं. सोबत त्याचा फोटोही टाकला.

काही दिवसांनी मेसेज आला. "अक्का, मी जिता हाय. हनुवटीवरची खूण अजून हाय."

मी लगेच विचारलं, इतकी वर्षं कुठं होतास? कुणीतरी हैदराबादेत सांभाळलं म्हणे. आता कागदपत्रांत नाव लावायचंय. आधारकार्डाचा फोटो पाठव, मोबाईलवर येईल तो ओटीपी सांग. मी कार्ड काढून बसले होते, तेवढ्यात मुलगी आली.

"आई, थांब. त्याला जे ठाऊक आहे ते सगळं तूच लिहिलंय की! ग्रुप उघडा आहे, कुणीही वाचतं. न लिहिलेलं काहीतरी विचार."

मला विचारायचंच नव्हतं. तरी लिहिलं, "मावशीकडं जाताना माझ्याकडून काय मागून नेलंस?" माझी लाल रिबीन नेली होती त्यानं, मावशीच्या शेळीच्या गळ्यात बांधायला.

"लई वर्षं झाली, अक्का. ध्यानात न्हाई. आधी ओटीपी सांग."

मुलीनं ते खातं ब्लॉक केलं, सायबर पोलिसांकडं तक्रार नोंदवली, माझा पासवर्ड बदलला, लिहिलेलं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं केलं. खोटा होता हे कळूनसुद्धा 'राहू दे त्याला' असं माझ्या तोंडाशी येत होतं. किती वर्षांनी कुणी अक्का म्हटलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं. निलंग्याच्या एका बाईंनी कळवलं, "मला बी आलाय असाच, माझा लेक म्हणून. कार्ड पाठवणारच होते."

रविवारी त्या लातूरला खोलीवर आल्या. मुलीनं त्यांच्याही फोनवर तसंच सगळं करून दिलं. मग त्या लेकाबद्दल बोलत राहिल्या, मी भावाबद्दल. दिवे लागले तरी त्या उठल्या नाहीत, आणि मीही त्यांना उठू दिलं नाही.