आमच्या गोठ्यातली मदालसा

आमच्या म्हशीचं नाव परवापरवापर्यंत मदालसा होतं.

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! परातीत भाकरीचं पीठ तसंच पडलंय, एका हाताच्या अंगठ्यानं टाइप करायलेय, आई आतून हाका मारायलीय, पण हे पोटात राहिलं तर मी फुटन. (चुका समजून घ्या. स्क्रीनवर पीठ हाय.)

तर म्हशीला असलं राजघराण्यातलं नाव कावून? सांगते. माझ्या जन्माच्या आधी टीव्हीवर एक कौटुंबिक मालिका लागायची, 'सौभाग्याचा उंबरा'. आता ती रोज संध्याकाळी परत दाखवतेत, अन् आमी ती परत परत बघतो. त्यातली नकोशी माणसं आमच्या घरात इतकी भिनलीत की जे जे त्रास देतं, त्याला त्यांचंच नाव! गच्चीवरची टाकी दिवसभर गळती, तिचं नाव शालिनी. कारण मालिकेतली धाकटी सून शालिनी पहिल्या भागापासून रडायलीय. दारातलं कुत्रं नुसतं खातंय अन् झोपतंय, त्याचं नाव आप्पासाहेब. मालिकेतले आप्पासाहेब म्हणजे घराचे कर्ते. डोक्याला फेटा, गालभर मिशा, अन् घर जळायला लागलं तरी छातीला हात लावून एवढंच म्हणायचे, "शांत व्हा." मला सगळ्यात जास्त राग ह्याच माणसाचा! आवं, तुमी कर्ते हाव ना, मग करा की कायतरी!

पण आईचा विषय वेगळा. आईची दुश्मन एकच. थोरली सून, मदालसाबाई!

कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अन् ती एक भुवई. नुसती डावी भुवई वर गेली की शालिनीच्या हातातनं कप पडायचा. मग मदालसाबाई हळूच म्हणायची, "मदालसा विसरत नाही... आणि विसरू देत नाही!" हे वाक्य तीनदा दाखवायचे. समोरून, बाजूनं, अन् जिन्यावरून.

आई तिला 'मदाली' म्हणती. मदाली पडद्यावर आली की आई निवडायची भाजी बाजूला ठेवती, दोन्ही हात टीव्हीकडं करती अन् कडाकडा बोटं मोडती. "मुडदा बशिवला तुझा, मदाले!" शेजारच्या काकूंना त्या आवाजावरून कळतं की जाहिराती संपल्या.

म्हणून बापूंनी बाजारातनं आणलेल्या म्हशीनं पहिल्याच दिवशी बादलीसकट बापूंना लाथ मारली, तेव्हा नाव काय ठेवायचं ह्यावर चर्चाच झाली न्हाई.

आता ताईचं ऐका. ताई माजलगावच्या एका दवाखान्यात नर्स हाय. घरात मालिका न बघणारी ती एकटीच. तिथंच लॅबमध्ये प्रशांत रक्त तपासतो. ताई रक्ताच्या बाटल्या घेऊन जायची, रिपोर्ट घेऊन यायची, असं करता करता तिचाच रिपोर्ट आला, प्रेमाचा! प्रशांतची आई तो लहान असतानाच गेली. मावशीनं वाढवला. मावशी अन् काका दोघं बीडला राहतेत. "पूर्वी जलशात गाणी म्हणायचे, मग थोडं नाटकाबिटकात होते," एवढंच त्यानं सांगितलेलं. अन् एक गोष्ट बजावलेली. मावशी हो म्हणली तरच लग्नाला हो.

म्हणून मावशी-काका बघायला येणार त्या रविवारी सकाळी ताईनं आमाला ओळीत उभं केलं.

"आई, आज टीव्ही लावायचा न्हाई."

"बरं."

"बापू, गोठ्यात जायचं न्हाई. नवीन सदरा खराब होतो."

"बरं माय."

"अन् पिंके, तू तोंड उघडायचं न्हाई."

"पाहुणे जाईपर्यंत?"

"जन्मभर!"

गाडी आली. पांढरी, चकचकीत. आधी प्रशांत उतरला. मग काका, टक्कल, दाढीमिशी साफ, गरीब चेहरा. मग मावशी. साधं सुती लुगडं, पांढरे केस, कपाळ मोकळं.

"जय भीम!" मावशी म्हणल्या.

माझ्या अंगावर काटा! हा आवाज मी ओळखते. हा आवाज रोज आमच्या भाजीच्या वासात मिसळलेला असतो! मावशींनी चप्पल काढता काढता आमच्या गळक्या टाकीकडं बघितलं, अन् त्यांची डावी भुवई वर गेली.

माय माय माय! मदालसाबाई! आमच्या दारात! जिन्यावरून न्हाई, कॅमेऱ्यातनं न्हाई, डायरेक्ट आमच्या अंगणात, आमच्याच बादलीतलं पाणी पायावर घेत! मी तर तिथंच खांबावानी उभी राहिले. मला वाटलं मागं ते ढँड्यँग वाजायला पाहिजे, पण नुसता कोंबडा आरवला.

मग माझं लक्ष आईकडं गेलं. आईनंही ओळखलेलं! अन् आईचे दोन्ही हात हळूहळू वर यायलेत! तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की बिचारी हात खाली ओढायलीय, पण इतक्या वर्षांची सवय, हात ऐकत न्हाईत. हात मावशींच्या तोंडासमोर गेले. अन् कड्कड्कड्कड्!

दारात ताई, पांढरीफटक.

आता बघा, लेकराच्या गालावरून हात फिरवून आपल्याच कानशिलावर बोटं मोडली, तर ती अलाबला. म्हणजे माया. अन् समोरच्याकडं हात करून मोडली, तर ते तळतळाट. बोटं तीच, आवाज तोच, फरक नुसता हातभराचा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला अन् मी ओरडले, "अलाबला! आई अलाबला काढायलीय तुमची! आमच्याकडं पाहुण्यांची आधी बोटं मोडतेत, मग गाल!"

आईनं माझ्याकडं बघितलं, ताईकडं बघितलं, अन् ज्या बाईला ती रोज मातीत घालायची तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले. कानशिलावर बोटं मोडली. एकही वाजलं न्हाई. सगळी आधीच वापरून झालती!

"लई मायाळू हायत तुमी," मावशी म्हणल्या. भुवई वरच होती.

बैठकीत सगळे बसले. पोहे आले. कुत्रं काकांच्या खुर्चीखाली जाऊन झोपलं. बापूंना अजून काहीच कळलेलं नव्हतं, कारण बापू मालिका नुसती ऐकतेत, डोळे मिटून. (ते त्याला झोप म्हणत न्हाईत.) त्यांनी खुर्चीखाली बघून हळूच दम दिला, "आप्पासाहेब, सरका की तिकडं. नुसतं खायचं अन् पसरायचं."

काका पोह्याची बशी घेऊन पटकन सरकले! मला वाटलं, किती नम्र माणूस.

तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला. बापू "जरा आलोच" म्हणून नव्या सदऱ्यासकट गोठ्याकडं पळाले. अन् पुढच्याच क्षणाला आमच्या अख्ख्या दिंद्रुड गावाला ऐकू जाईल अशी आरोळी!

"धरा त्या मदालसीला! दावं तोडलं सटवीनं!"

प्रशांतच्या हातातला पोह्याचा चमचा हवेतच थांबला. मावशींनी बशी खाली ठेवली.

"फुकट खाती अन् लाथा घालती! आज दोन दिल्याशिवाय सोडत न्हाई मी हिला!"

"कुणाला म्हणायलेत?" मावशींनी विचारलं. हळूच. अगदी शालिनीला विचारायच्या तसंच.

गप्प बसले असते तर भागलं असतं. पण मी गप्प बसन तर मी कसली! "तुमाला न्हाई, म्हशीला! म्हशीचं नाव मदालसा हाय. म्हणजे तुमच्यावरून न्हाई. म्हणजे तुमच्यावरूनच, पण ती लाथा मारती म्हणून. म्हणजे तुमी मारता असं न्हाई! आईला मालिकेत सगळ्यात जास्त राग तुमचाच येतो ना, म्हणून मान तुमाला दिलाय. घरात सगळ्यात मोठं जनावर तेच हाय!"

(मी हे सगळं एका श्वासात बोलले. ताईनं चहाचा ट्रे कसा खाली ठेवला, ते मी सांगत न्हाई.)

प्रशांतनं डोक्याला हात लावला. "मावशे, मी ह्यांना सांगितलं नव्हतं," तो म्हणला.

"कावून न्हाई सांगितलं?" ताई पहिल्यांदाच बोलली.

उत्तर मावशींनी दिलं. "ह्याच्या आधी दोन जागी सांगितलं होतं, पोरी. एके ठिकाणी मुलीची आई म्हणली, असल्या बाईच्या हाताखाली लेक द्यायची न्हाई. दुसरीकडं तर चहाच आला न्हाई. बाजारात भाजीवाली मला किडकी वांगी द्यायची अन् म्हणायची, शालिनीला छळतीस, खा! मला काय वाटत न्हाई, बाई. पण माझ्या कामाची शिक्षा माझ्या लेकराला कावून?"

आईची मान खाली. अन् मला कळेना की रडू का सही घेऊ.

पण विचार करायला वेळ होता कुठं! दारातून अंगणात शिंगं दिसली. आमची मदालसा गाडीपाशी पोचली होती अन् तिनं पाहुण्यांच्या चकचकीत गाडीला पाठ खाजवायला सुरुवात केलती. आरसा एका बाजूनं लोंबायला लागला. बापू काठी घेऊन मागं, सदऱ्याला शेण, अन् जवळ जायची हिंमत न्हाई.

मावशी उठल्या. पदर खोचला. आमी सगळे मागं. त्या सरळ म्हशीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. डावी भुवई वर. म्हशीनं डोळे वटारले. अन् मग तो आवाज आला! माईक न्हाई, काही न्हाई, जलशात मैदानं गाजवलेला आवाज!

"मदालसे! मदालसा विसरत नाही... आणि विसरू देत नाही!"

शप्पथ घेऊन सांगते, म्हैस थांबली. कान मागं घेतले. एक पाऊल मागं सरकली. (शेजारच्या काकूंच्या हातातनं भिंतीपलीकडं काहीतरी पडलं. बहुतेक कपच असावा!) मावशींनी पुढं होऊन तुटलेलं दावं हातात घेतलं, म्हशीच्या कपाळावर थोपटलं अन् "चल गं माझी बाय" म्हणत तिला गोठ्याकडं वळवलं. मी चकलांबा गावची हाय, म्हणल्या, टीव्हीच्या आधी म्हशीच राखल्या.

मदालसानं मदालसाला धरून आमच्या अंगणातून नेलं. असं दृश्य पुन्हा दिसणार न्हाई, लोकहो! अन् बापू मात्र एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत म्हणले, "पिंके, मला ऊन लागलंय का बघ."

"दूध देती का?" मावशींनी विचारलं.

"लाथा देती," बापू म्हणले.

"मग नाव बरोबर हाय!" अन् त्या अशा हसल्या, अशा हसल्या की मालिकेच्या सगळ्या भागात मिळून तेवढ्या हसल्या नसतील. आईला मग राहवलं न्हाई. ती पुढं गेली, मावशींच्या गालांवरून हात फिरवले अन् आपल्या कानशिलावर बोटं मोडली. आता मात्र दहाच्या दहा वाजली! म्हणली, "माझ्या लेकीला तुमच्याच हाताखाली द्यायचीय. मला बक्कळ शिव्या द्यायला लावल्या तुमी. काम करावं तर असं!"

मावशींचे डोळे भरले. "एवढं बक्षीस मला कुणी दिलं न्हाई," म्हणल्या, अन् ताईला जवळ घेतलं. म्हणजे हो! ताई रडायली, प्रशांत आरसा हातात धरून हसायला, सगळं एकदम गोड.

इथं मी थांबायला पाहिजे होतं.

मावशींनी मला जवळ बोलावलं. "तुझ्या आईला माझा राग येतो. तुला कुणाचा येतो गं?"

एवढी मोठी बाई मला विचारती! माझं मत! मी सुटलेच. "मला ना मावशी, त्या आप्पासाहेबांचा! नुसता छातीला हात. त्यांच्यामुळंच सगळं वाटोळं झालं. तुमी निदान काम तरी करत होता! ते नट तरी कुठून धरून आणलेले काय माहीत, चेहऱ्यावरची माशी हलत न्हाई. म्हणून तर आमी कुत्र्याला..."

मावशी माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या मागं बघत होत्या. मी वळले.

मागं काका उभे होते. टक्कल. बिनमिशीचे. त्यांनी पोह्याची बशी डाव्या हातात घेतली, उजवा हात हळूच छातीला लावला, अन् म्हणले,

"शांत व्हा."

लग्न ठरलंय, काळजी करू नका. आमच्या म्हशीचं नाव आता 'बाईसाहेब' हाय. पण काल प्रशांतदाजींचा फोन आलता. बीडला काकांनी बोअरला नवीन मोटार बसवलीय. तिचं बटण एकदा दाबलं की बंदच होत न्हाई, नुसती भरभर भरभर चालू. काकांनी तिचं नाव ठेवलंय पिंकी!

तुमच्याकडं झालंय का हो असं कधी? झालं असलं तर खाली पटकन लिहा. ताईला दाखवायचंय की मोटार मी एकटीच न्हाई!