बाबांच्या लॅपटॉपवरचे माझे प्रयोग

बाबांच्या जुन्या लॅपटॉपला आता नवी सिस्टीम झेपणार नाही हे कळलं, तेव्हा मला कोण आनंद झाला! तिच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं आणि डझनावारी प्रकारांत मिळतं. माझ्या लॅपटॉपवर मी ते सगळे आलटूनपालटून लावत असे. आता हाताशी आणखी एक मशीन आलं होतं.

मी खालापूरला राहते, आईबाबा कोंडाण्याच्या लेण्यांअलीकडच्या गावात. दर रविवारी मी जायची, वालाचं बिरडं हाणायची आणि निघण्यापूर्वी बाबांच्या लॅपटॉपवर नवं लिनक्स चढवून यायची. एकाचा मेनू वर, दुसऱ्याचा खाली, तिसऱ्याचा शोधावा लागे. चौथं इतकं देखणं होतं की मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. बाबांच्या फायली मी जपून ठेवत होते, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं मला वाटलंच नाही.

बाबा गावातल्यांना अर्ज टाइप करून देतात. कुणाला विजेचा मीटर हवा असतो, कुणाचं बांधावरून भांडण असतं. नोकरी संपल्यापासून गावात त्यांना मान आहे तो याचाच. त्या देखण्या चौथ्यानंतर ओटीवर दोघं जण चहा पिऊन ताटकळले आणि बाबांना मराठी टायपिंग काही केल्या सापडेना. शेवटी "पोरगी आली की देतो," म्हणून त्यांना परत पाठवावं लागलं. आईने हे फोनवर सांगितलं आणि मी शरमेने अर्धमेली झाले.

पुढच्या खेपेला लॅपटॉप बाबांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

"नवं बी आणलं तर मूठभर वल्या फडक्यात रुजवून बघतात गं," ते म्हणाले. "तू थेट आख्ख्या शेतात फेकतेस."

मला राग आला तो माझाच. लिनक्स पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, आतलं काही पुसावं लागत नाही, आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी तीन वेगवेगळ्या प्रकारांचे तीन पेन ड्राइव्ह करून दिले. बाबांनी प्रत्येक आठवडाभर वापरून बघितला.

माझं लाडकं, देखणं, पहिल्या फेरीतच बाद झालं. "पंखा लय वरडतो." दुसरं, लॅपटॉप बंद करताना दरवेळी 'नक्की?' असं विचारायचं. "आमी काय गंमत करतो काय?" उरलं तिसरं, राखाडी, पाहूनच जांभई यावी असं. त्यात मराठी पहिल्याच झटक्याला उमटली. "ह्यो बरा हाय."

मी तेच कायमचं चढवलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तशी बाबा म्हणाले, "तिकडं बघ." मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. मागे एका बोटाने सावकाश टाइप केल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"आणि मला काही बदलायचं असलं तर?" मी भिंतीला विचारलं.

"रीतसर अर्ज दे," बाबा म्हणाले. "टाइप मी करून देतो."